डाय मार्कर बघून डबल्ड डाय सेंट कसं ओळखायचं: आधी काय बघायचं, नंतर काय, आणि लोक कुठे चुकतात

मला जे फोटो येतात ते जवळपास सगळे एकाच साच्यातले असतात. अमेरिकन एक सेंटचं नाणं, तारखेवर झूम मारलेला, आकडे दोन-दोन दिसतायत आणि खाली प्रश्न, "दादा हे डबल्ड डाय आहे ना?" काटा बाजूचा फोटो नाही, वजन नाही, मिंटमार्क (नाणं कुठल्या टांकसाळीचं ते सांगणारं छोटं अक्षर) कापला गेलेला. पाठवणारे काही न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारे आपलेच लोक असतात, घरात सेंटची बरणी भरलेली असते, आणि काही इकडचे, ज्यांना मामाने किंवा भावाने परत येताना मूठभर सुटे आणून दिलेले असतात. त्यातल्या बहुतेकांना उत्तर "नाही" असंच द्यावं लागतं, आणि वाईट याचं वाटतं की जे थोडे खरे असू शकतात त्यांचंही नक्की सांगता येत नाही कारण मार्करची जागाच फोटोत नसते.

मार्कर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. नाणं ज्या डायने, म्हणजे पोलादी ठशाने, पाडतात ती डाय हबवरून (उठावदार डिझाइन असलेल्या मूळ ठशावरून) तयार होते, हब दाबून डिझाइन डायमध्ये उतरवतात. पूर्वी एका दाबात डिझाइन पूर्ण उतरायचं नाही म्हणून डाय तापवून मऊ करून पुन्हा दाबायचे, आणि दुसऱ्या वेळी डाय जराशी फिरलेली असली की डिझाइन डायमध्येच दोनदा उतरायचं, हीच डबल्ड डाय. आता त्या डायने पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच डबलिंग, त्याच जागी. पण त्याच डायवर पॉलिश करतानाचे ओरखडे, हत्यार लागून पडलेला खड्डा, वापरात गेलेला तडा असंही काही ना काही असतं आणि तेही प्रत्येक नाण्यावर उतरतं. हेच डाय मार्कर. एका वर्षी शेकडो डाय वापरल्या जातात, त्यातली नेमकी ही डाय कोणती ते मार्करवरून कळतं.

१. तयारी: नाणं हातात घेण्याआधी

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. एक चांगलं १०एक्स भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा (ज्वेलर वापरतात तसा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो), एक टेबल लॅम्प आणि मऊ कापड. यूएसबी मायक्रोस्कोप असेल तर उत्तम पण सुरुवात त्याने करू नका, त्यात नाण्याचा इतका छोटा तुकडा दिसतो की आपण कुठल्या अक्षरापाशी आहोत तेच कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट म्हणजे त्याच वर्षाचं, त्याच मिंटचं एक साधं नाणं शेजारी ठेवायचं. १९७२ चं तपासताय तर १९७२ चंच साधं सेंट. नॉर्मल अक्षर किती जाड असतं हे डोळ्यासमोर नसेल तर जाड झालंय की नाही ते कशावरून ठरवणार?

प्रकाश एकाच बाजूने आणि तिरका हवा. मायक्रोस्कोपच्या गोल एलईडी रिंगमध्ये प्रत्येक अक्षराला दोन-तीन बाजूंनी चमक येते आणि साधं नाणंसुद्धा डबल दिसायला लागतं. रिंग बंद करा, लॅम्प बाजूला ठेवा, नाणं कडेला धरून हळूहळू फिरवा.

> सावधान: नाणं घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी, काहीही नाही. घासलं की बारीक मार्कर तर जातातच, वर शेकडो नवे ओरखडे पडतात आणि त्यातला कुठला डायचा आणि कुठला तुमचा ते कुणालाच सांगता येणार नाही.

२. आधी खोटं डबलिंग बाजूला काढा

मार्कर शोधायची घाई इथे करायची नाही. आधी बघा की डबलिंग खरं आहे का, कारण दहातले नऊ इथेच बाद होतात आणि तुमचा वेळ वाचतो.

पहिला आणि सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार म्हणजे मशीन डबलिंग. नाणं पडल्यावर लगेच डाय जराशी हलते आणि उठलेल्या अक्षराची कड चेपते. यात दुसरी प्रतिमा चपटी, चकचकीत आणि खालच्या पातळीवर असते, पायरीसारखी. अक्षरातलंच मेटल चेपलेलं असल्यामुळे मूळ अक्षर बारीक होतं. खऱ्या डबल्ड डायमध्ये उलटं होतं, अक्षर जाड होतं, दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उठावदार असतात आणि अक्षरांच्या टोकांना खाच पडल्यासारखी दिसते. शेजारचं साधं नाणं इथेच कामाला येतं.

दुसरा, झिजलेल्या डायचं डबलिंग. डाय खूप वापरली गेली की अक्षरांच्या कडा पसरतात आणि अक्षराभोवती धूसर सावली दिसते. १९५५ च्या काही सेंटवर शेवटच्या ५ ला अशी सावली आहे, त्याला अमेरिकेत "पुअर मॅन्स डबल्ड डाय" म्हणतात. त्याचा खऱ्या १९५५ डबल्ड डायशी काही संबंध नाही. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून असं एक घेतलं होतं, वर्णनात मोठ्या अक्षरात डबल्ड डाय लिहिलेलं, फोटो फक्त तारखेचा. काटा बाजूचा फोटो मागायचं तेव्हा सुचलं नाही आणि ते पैसे गेले ते गेलेच.

तिसरा, फुटलेलं प्लेटिंग. १९८२ मध्ये सेंट जस्ताचं झालं, वर फक्त तांब्याचा पातळ थर. हा थर अक्षराच्या कडेला फाटतो आणि आतलं करडं जस्त रेघेसारखं दिसतं. रंग करडा असेल तर ते डबलिंग नाही, एवढं लक्षात ठेवा.

> तपासा: मिंटमार्क. १९९० च्या आधी सेंटचा मिंटमार्क डायवर हाताने वेगळा ठोकायचे, हबवर तो नसायचाच. म्हणून १९६९-एस च्या खऱ्या डबल्ड डायवर तारीख, "लिबर्टी" आणि बोधवाक्य डबल असतं पण "एस" एकेरी असतो. तारीखही डबल आणि एसही त्याच दिशेला तसाच चपटा डबल, तर ते मशीन डबलिंग. १९६९-एस वर मशीन डबलिंग भरपूर सापडतं आणि खरं नाणं फार म्हणजे फारच दुर्मिळ आहे, तेव्हा ही एक तपासणी तुमचा महिनाभराचा मनस्ताप वाचवेल. १९९० पासून मिंटमार्क मास्टर डायवरच (ज्यावरून पुढे हब बनतात तिच्यावरच) आला, त्यामुळे त्यापुढच्या सेंटना हा नियम लावू नका.

३. डबलिंग कुठे आहे आणि कुठे नाही, दोन्ही लिहून काढा

"डबल दिसतंय" एवढं पुरत नाही. कागद घ्या आणि लिहा: तारीख, लिबर्टी, इन गॉड वी ट्रस्ट, चेहरा, मिंटमार्क. प्रत्येकापुढे हो किंवा नाही, आणि दुसरी प्रतिमा घड्याळाच्या दिशेने सरकलीये की उलट.

याला कारण आहे. १९५५ आणि १९७२ च्या प्रसिद्ध नाण्यांमध्ये दुसऱ्या दाबाच्या वेळी डाय मध्याभोवती फिरलेली होती. त्यामुळे कडेजवळची अक्षरं आणि तारीख जास्त सरकतात आणि मध्यात लिंकनच्या चेहऱ्यावर जवळजवळ काही दिसत नाही. कुणी तुम्हाला असं १९५५ दाखवलं ज्यात लिंकनचं नाकसुद्धा दोन दिसतंय, तर तिथेच थांबा. तसंच या दोन्ही नाण्यांत डबलिंग फक्त छापा बाजूला आहे, काटा बाजू साधी.

बाकीच्या वर्षांत जागा वेगळ्या. १९८३ चं प्रसिद्ध नाणं काटा बाजूचं आहे, तिथली सगळी अक्षरं डबल. १९८४ मध्ये फक्त लिंकनच्या कानाच्या पाळीखाली दुसरी पाळी. १९९५ मध्ये लिबर्टी आणि "इन गॉड" बघायचं, तारखेकडे बघत बसलात तर हातातलं खरं नाणं सुटेल. नंतर हबिंग एका दाबात व्हायला लागलं तेव्हापासून डबलिंग बहुतेक वेळा नाण्याच्या मध्यभागाजवळ आणि छोटं असतं, २००९ च्या सेंटवर ओंडक्यावर बसलेल्या तरुण लिंकनच्या हाताला जादाची बोटं दिसतात ती यातलीच.

४. मार्करचं वर्णन नीट वाचा, मगच भिंग उचला

एका वर्षात एकच डबल्ड डाय असते असं समजू नका. १९७२ च्या छापा बाजूच्या डबल्ड डाय अनेक आहेत, ठळक एकच, बाकीच्या बारीक. म्हणूनच अशा प्रत्येक प्रकाराला, म्हणजे व्हरायटीला, नंबर दिलेत, आणि किमतीतला फरक या नंबरात असतो.

प्रत्येक नंबरच्या मार्करचं वर्णन व्हरायटीच्या याद्यांत असतं, ते वाचताना तीन गोष्टी वेगळ्या काढा.

पहिली, मार्कर कुठल्या बाजूला आहे. छापा बाजूच्या डबल्ड डायचा मार्कर काटा बाजूला असणं अगदी नेहमीचं आहे आणि नेमकी इथेच मोठी चूक होते, लोक डबलिंगच्या बाजूलाच तासभर शोधतात.

दुसरी, डायची जोडी. काटा बाजूचा मार्कर हा दुसऱ्या डायचा असतो, डबल्ड डायचा नाही! छापा डाय एका काटा डायबरोबर वापरली, मग काटा डाय बदलली, तर नंतरच्या नाण्यांवर डबलिंग तेच पण काटा बाजूचा मार्कर गायब. म्हणून वर्णनात एकच जोडी दिलीये की जास्त ते बघा.

तिसरी, स्टेज. डाय नवी असताना पॉलिशच्या रेघा स्पष्ट असतात, पुढे त्या झिजून जातात. तडे उलटे वागतात, सुरुवातीला नसतात, नंतर येतात आणि वाढत जातात.

५. मार्कर शोधा, आणि तो डायवरचाच आहे ना ते पक्कं करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

डायवर ओरखडा म्हणजे डायमध्ये खोलगट चर. त्यात नाण्याचं मेटल घुसतं, म्हणून नाण्यावर ती रेघ उठावदार येते. नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा मात्र खोलगट. हे वाचायला सोपं आहे पण भिंगाखाली, आणि फोटोत तर जास्तच, डोळा उलटं बघतो, खड्डा उंचवटा वाटतो. त्यावर उपाय असा: रेघेच्या शेजारचं एखादं अक्षर घ्या, अक्षर तर नक्कीच उठावदार आहे. दिवा एका बाजूला ठेवून बघा की अक्षराची सावली कुठल्या बाजूला पडते. रेघेची सावली त्याच बाजूला असेल तर रेघ उठावदार, विरुद्ध बाजूला असेल तर खोलगट. मग नाणं अर्ध फिरवून पुन्हा एकदा बघा.

पॉलिशच्या रेघांसाठी आणखी एक चांगली खूण आहे. डायमध्ये अक्षरं खोल असतात आणि सपाट भाग वर असतो, पॉलिश त्या वरच्या भागावर होतं. म्हणून खरी पॉलिशची रेघ अक्षरापर्यंत येऊन थांबते, कधी अक्षराच्या पलीकडे पुन्हा सुरू होते, पण अक्षराच्या अंगावरून जात नाही. अक्षर ओलांडून त्याच्या माथ्यावरूनही गेलेली रेघ बहुधा हाताळणीतला ओरखडा असते.

आता दोन खरी नाणी घेऊ.

*१९५५, फिलाडेल्फिया.* मिंटमार्क नाही, त्यामुळे तारखेखाली डी किंवा एस असेल तर विषय संपला. छापा बाजूला डबलिंग इतकं मोठं आहे की नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मार्कर काटा बाजूला: नाणं उलटा, मध्यभागी मोठ्या अक्षरात "वन सेंट" आहे त्यातल्या "सेंट"चा शेवटचा "टी" घ्या, त्याच्या आडव्या दांडीचा डावा हात, त्याच्या खाली जवळजवळ उभ्या, अगदी बारीक, उठावदार पॉलिशच्या रेघा. केसासारख्या बारीक आहेत, दिवा समोरून असेल तर दिसत नाहीत, नाणं फिरवताना मध्येच चमकून जातात. ही डाय फार चालली नाही, बाहेर पडलेली नाणी साधारण २०,००० ते २४,००० मानली जातात आणि जोडी एकच, त्यामुळे या रेघा अस्सल नाण्यांवर असायलाच हव्यात. फार झिजलेल्या नाण्यावर पुसट होतात एवढंच.

*१९७२, फिलाडेल्फिया, ठळक डबलिंगवालं.* इथेही मार्कर काटा बाजूलाच. "युनायटेड स्टेट्स" मधल्या "युनायटेड"चा शेवटचा "डी" शोधा आणि त्याच्या वर कडेकडे जा, तिथे कडेपाशी डायला लागलेल्या छोट्या खड्ड्याची उठावदार खूण आहे. रेघ नाही, आखूड ठसा आहे. कडेला असल्यामुळे बॅगेत नाणी एकमेकांवर आपटून पडलेला डागही इथे सापडू शकतो, म्हणून उठावदार की खोलगट ही तपासणी इथे दोनदा करा.

> तपासा: जुळणी नजरेने करू नका, फोटोने करा. खात्रीच्या नाण्याचा फोटो आणि तुमच्या नाण्याचा त्याच कोनातला फोटो घ्या, मोबाइलच्या कुठल्याही एडिटरमध्ये एकावर एक ठेवा, वरचा अर्धा पारदर्शक करा आणि शेजारची दोन अक्षरं जुळवा. मार्करची जागा, कोन आणि लांबी तिन्ही बसायला हव्यात. "साधारण तिथेच आहे" म्हणजे जुळलं नाही.

६. मार्कर दिसला नाही तर

लगेच नाणं टाकून देऊ नका आणि लगेच स्वतःची समजूतही काढू नका की झिजला असेल. क्रमाने जा. दिव्याचा कोन बदलून नाणं पूर्ण एक फेरी फिरवलं का? वर्णनात एकापेक्षा जास्त जोड्या किंवा स्टेज दिल्या आहेत का? तुमच्या नाण्याची स्टेज ओळखायला मार्कर सोडून बाकीचं नाणं बघा: सपाट भागात कडेकडे जाणाऱ्या ओघळाच्या रेघा, बोथट झालेल्या अक्षरांच्या कडा, म्हणजे डाय उतारवयातली. अशा नाण्यावर पॉलिशच्या रेघा नसणं समजण्यासारखं आहे. पण नाणं टवटवीत, अक्षरं धारदार, आणि तरी सुरुवातीच्या स्टेजचा मार्कर नाही, तर मी त्याला ती व्हरायटी म्हणत नाही, मग डबलिंग कितीही ठळक दिसो.

७. मार्कर दिसला तरी: बनावट तपासणी

ही पायरी लोक गाळतात कारण मार्कर सापडल्यावर आनंद झालेला असतो. पण खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन केलेल्या बनावट नाण्यावर मार्करसुद्धा कॉपी होऊन येतो. १९५५ आणि १९७२ दोन्हीची बनावट नाणी बाजारात आहेत. १९६९ ची तर मिंटमार्क नसलेली बनावट डबल्ड डाय सेंट निघाली होती आणि त्या भानगडीत सीक्रेट सर्व्हिसने (बनावट चलनाचा तपास करणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) काही अस्सल १९६९-एस सुद्धा जप्त केली.

वजन करा: या वर्षांचं तांब्याचं सेंट ३.११ ग्रॅम, थोडा कमी-जास्त चालतो, ०.१३ पर्यंत. व्यास १९.०५ मिमी. मग अक्षरांच्या कडा बघा, साच्यावरून आलेल्या नाण्यात त्या मऊ, वितळल्यासारख्या वाटतात. आणि तुम्हाला विकायला आलेल्या दोन नाण्यांवर एकाच जागी एकसारखा खोलगट डाग असेल तर दोन्ही सोडा. खोलगट डाग हा हाताळणीत पडतो, दोन वेगळ्या नाण्यांवर तंतोतंत सारखा पडूच शकत नाही, तो मूळ नाण्यावरून साच्यात गेलेला असतो.

८. नोंद आणि पुढे पाठवणं

पेपर फ्लिपवर (नाणं ठेवायच्या छोट्या कागदी पाकिटावर) वर्ष, मिंट, व्हरायटीचा नंबर, डायची स्टेज, दिसलेले मार्कर घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा देऊन (उदा. काटा बाजू, ११ वाजता), वजन, आणि तपासल्याची तारीख लिहा. पीव्हीसीचे मऊ प्लास्टिक पाऊच वापरू नका, त्याने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच.

आपल्या रुपयांबद्दल बरेच जण विचारतात म्हणून इथेच सांगतो: दुसरी पायरी भारतीय नाण्यांना जशीच्या तशी लागू पडते आणि मला आलेल्या स्टीलच्या एक-दोन रुपयांच्या फोटोंत बहुतेक सगळं मशीन डबलिंगच होतं. तरी गोलसर, खाचेचं, अक्षर जाड करणारं डबलिंग सापडलंच तर त्याच वर्षाचं, त्याच टांकसाळीचं, मुंबईचं असेल तर वर्षाखाली चौकट चिन्ह असलेलं, हुबेहूब तसंच डबलिंग असलेलं दुसरं नाणं मिळतंय का बघा. मिळालं तर दोन्हीवर सारखी असलेली उठावदार रेघ किंवा तडा शोधून फोटो काढा, तो तुमचा मार्कर.

अमेरिकन नाणं ग्रेडिंगला (अस्सलपणा आणि दर्जा तपासून घ्यायला) पाठवणार असाल तर फॉर्मवर व्हरायटीचा नंबर स्वतः लिहा. काही ग्रेडिंग कंपन्या मागितल्याशिवाय व्हरायटी लेबलवर टाकत नाहीत आणि त्याची फी वेगळी असते. नाणं देण्याआधी दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो, डबलिंगचा जवळून एक, मार्करचा जवळून एक आणि काट्यावर वजन दिसतंय असा एक, एवढे पाच फोटो काढून ठेवा. मला विचारायचं असेल तरी हेच पाच पाठवा.